बर्फ कारखान्याच्या छतावरच्या काचा

प्रिय नसरी,

हे पत्र बेकरीवाल्याच्या सुनेच्या पिशवीतून येतंय. शनिवारी ती विमानाने अबिजानला निघते, म्हणजे रविवारी तुझ्या हातात पडेल. फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर तू रडायला लागतोस, आणि तू रडलास की माझ्या सगळ्या निश्चयाचं पाणी होतं. दोनदा झालंय तसं. शिवाय तानूसमामा हल्ली माझ्या स्वयंपाकघरातच ठाण मांडून असतो, कान टवकारून. म्हणून कागद. पुढच्या गुरुवारी हलीमच्या खटल्यातले शेवटचे साक्षीदार उभे राहणार, आणि मग न्यायाधीश निकाल सांगणार. वकील म्हणतो, दहा वर्षं तरी नक्की. हे वाचून तू सुटकेचा निःश्वास टाकशील, मला ठाऊक आहे. थांब जरा. आधी सगळं वाच, आणि मधली पानं गाळू नकोस, लहानपणापासून तुझी ती खोड आहे.

आधी बातम्या. कारखाना चालू आहे. सकाळी नऊला ऊन छतावर आलं की यंत्रं सुरू होतात, चारला थांबतात, तेवढ्यात दीडशे लाद्या गोठतात. बॅटऱ्या घ्यायच्या नाहीत हे तुझंच डोकं. "आई, वीज कशाला साठवायची? बर्फच साठव की!" म्हणाला होतास. त्याबद्दल आजही शाबासकी देते, बॅटऱ्या घेतल्या असत्या तर निम्मे पैसे त्यांच्यातच गेले असते. तारलीचा हंगाम जोरात आहे, कोळी सकाळी लाद्या नेतात, मासळी बैरूतपर्यंत ताजी पोचते. दुसरी बातमी मी फोनवर तुला कधी दिली नाही. हलीमचा जनरेटर जळाल्यापासून अख्खी गल्ली माझ्या तारेवर आहे. दुपारची उरलेली वीज मी विकते, आणि संध्याकाळसाठी एक जुना जनरेटर घेतलाय. हो, डिझेलचाच. तोच धूर, तोच खडखडाट. पहिल्या महिन्यात हलीमच्याच दराने वीज दिली. दुसऱ्या महिन्यात भाव वाढवला, कारण वाढवता येत होता. परवा न्हावी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "एक हलीम गेला, आता हलीमीणबाई आल्या." मी त्याला तिथल्या तिथे झापलं, "कात्री चालव, जीभ नको." पण घरी येऊन दोन्ही महिन्यांच्या पावत्या शेजारी ठेवून बघितल्या.

हे सगळं का सुरू झालं ते तू विसरला असशील, म्हणून लिहिते. सरकारची वीज दिवसाला एक तास, तीही पहाटे, कुणाच्या उपयोगाची नाही. बँकेने दार लावून घेतलं, आपलेच पैसे आपल्याला देईना. डिझेलवरची सवलत गेली आणि हलीमच्या जनरेटरचं बिल असं चढलं, की बर्फाची लादी विकून ती गोठवायचा खर्चही निघेना. कोळ्यांनी बर्फ घेणं सोडलं. दुपारपर्यंत धक्क्यावर मासळीचा वास सुटायचा. तेव्हा तू बाबांची होडी विकलीस आणि मी हातातल्या पिळाच्या बांगड्या, ज्या मेल्यावरच काढा म्हणून बजावून ठेवलं होतं. शहाण्णव सौर पॅनल आली. तू मला समजावलंस, दोन उन्हाळ्यांत डिझेलला जेवढं जातं तेवढ्यात ही वसूल होतात, पुढे वीस वर्षं ऊन फुकट. मला बाकी काही कळलं नाही, फुकट तेवढं कळलं.

ते फुकट नव्हतं. हे मला पहिल्यांदा सांगितलं हलीमने. आपण त्याची तार कापून घेतली त्याच आठवड्यात तो कॉफीला आला. लक्षात ठेव, हा माणूस तुझ्या बापाचा मित्र, त्याच्या शवपेटीचं पुढचं टोक याच्या खांद्यावर होतं. म्हणाला, "वहिनी, तू गेलीस. बेकरीवाला गेला. फरशी कापणारा गेला. माझं इंजिन मात्र जवळजवळ तेवढंच डिझेल पितं. उरलं कोण? एकेक दिवा लावणाऱ्या म्हाताऱ्या. तुमच्या वाटचं आता त्यांच्याकडून वसूल करू? आणि महिनाभर ढग आले की तू धावत माझ्याकडेच येणार ना? मग इंजिन तोवर कुणाच्या जिवावर जिवंत ठेवू? दरमहा थोडं दे, तार तशीच ठेवतो." मी म्हटलं, "न वापरलेल्या विजेचे पैसे? तुला काय खंडणी हवीय?" त्याने कॉफी अर्धी टाकली. आज तोच हिशेब माझ्या डोक्यावर बसलाय, म्हणून कळतं की तो खंडणी मागत नव्हता. पण सज्जनही नव्हता हं. वीस वर्षं गल्लीची मानगूट त्याच्या मुठीत होती, आणि ती सैल झालेली त्याला सोसत नव्हती.

मग तू न्हाव्याला आणि कोंबडीवाल्याला दुपारची तार टाकलीस. हलीमने पक्कड घेऊन भर दुपारी ती तोडली. तू त्याला सगळ्यांदेखत थोबाडीत मारलीस. साठ वर्षांच्या माणसाला, नसऱ्या! त्याची टोपी गटारात गेली आणि पोरं हसली. दुसऱ्या दिवशी आपल्या टेंपोची चारही चाकं फाडलेली. तिसऱ्या दिवशी त्याच्या वसुलीवाल्याचे पुढचे दोन दात तू पाडलेस, आणि घरी येऊन मूठ बर्फात बुडवून बसलास. मी काय केलं? तुला मसूर-भात वाढला, वर तळलेला कांदा जास्त घातला. मनातून सुखावले होते मी. वाटलं, बाईमाणूस म्हणून सगळे दाबत आले, आता माझा मुलगा उभा राहिला. लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी हलीम कारखान्याच्या दारात आला, वर छताकडे बघितलं आणि तीन माणसांसमोर म्हणाला, "काच आहे, वहिनी. काच फुटते." त्या तिघांनी ते कोर्टात शब्दन् शब्द सांगितलं. मीही सांगितलं.

रविवारी तुझं लग्न. ती संध्याकाळ मी रोज आठवते, आणि आता ती आठवायची भीती वाटते. तुमच्या डोक्यांवर मुकुट ठेवले तेव्हा चर्चमधले सगळे दिवे लागलेले होते, एकदाही लुकलुकले नाहीत, आणि मी मनात म्हटलं, चला, शुभशकुन झाला. मग वरात डोंगरउतारावरच्या आपल्या घरी आली. तांदूळ, फुलं, साखरेचे बदाम, आणि तानूसमामा आपली बंदूक घेऊन गच्चीवर. तुझ्या बाप्तिस्म्यापासून त्याने पेटत्या गोळ्यांची पेटी जपून ठेवली होती, लढाईतली, टोकाला हिरवा रंग, सुटली की आकाशात लाल रेघ ओढत जाते ती. "ताई, भाच्याच्या लग्नाला बंदर उजळून टाकतो बघ!" पहिली फैर त्याने झाडली. दुसरी तू, नवरदेवाच्या कोटात. लाल रेघा बंदरावरून समुद्राकडे गेल्या, खाली माणसं टाळ्या वाजवत होती, आणि मी तोंडावर हात धरून आनंदाने किंचाळत होते. मीच म्हटलं, "अजून एक तुझ्या बापासाठी!" तू उरलेली सगळी रिकामी केलीस. जिथे जन्मले त्या बंदरात साठ वर्षं मी लग्नांत, मयतांत, परीक्षेच्या निकालांना वर जाणाऱ्या गोळ्या बघत आलेय. त्या उतरतात कुठे, असं कधी कुणी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ऊन आलं आणि यंत्रं चालेनात. तू छतावर गेलास आणि तिथून तुझी जी आरोळी ऐकू आली ती माणसाची नव्हती. मी धापा टाकत वर आले. अकरा पॅनलांना भोकं, काचांचा चुरा, आणि एका ओळीतलं एक पॅनल मेलं की सगळी ओळ आडवी, तसं अर्धं छत मेलेलं. तू हातांनीच काचा उचलत होतास, तळवे रक्ताने भरलेले, तोंडाने एकच, "हलीम, हलीम." मला आठवतं मी काय बोलले. तुलाही आठवत असेल. मी म्हटलं, "तुझ्या बापाची होडी होती ती." एवढंच. त्यापुढे मी तुला अडवलं नाही. तू लाद्या ओढायचा आकडा घेतलास, तानूस मागून गेला, आणि मी फाटकात उभी राहून बघत राहिले.

जे बघितलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हलीम खुर्चीत कांदा-भाकर खात होता. तू एक शब्द विचारला नाहीस. आकड्याचा पहिला घाव त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर बसला, मला फाटकापर्यंत आवाज आला. तो खाली पडल्यावर तानूसने लाथा घातल्या, बरगड्यांत, पोटात, तोंडावर. हलीम हात वर करून काहीतरी सांगत होता, पण त्याच्या तोंडात रक्त होतं. मग तू डिझेलच्या टाकीची तोटी आकड्याने उखडलीस आणि पेटतं फडकं टाकलंस. इंजिनाखालच्या खड्ड्यात त्याचा धाकटा भाऊ जकी तेल बदलत होता. तुला माहीत नव्हतं, हे मी देवापुढेही सांगेन. पण हलीम तेच ओरडत होता रे. "जकी खाली आहे," हेच. खड्ड्यातून जकी बाहेर आला तो पेटलेलाच. समुद्राकडे धावला, होड्या ओढायच्या उतारावर कोसळला, पाणी दहा पावलांवर. कोळ्यांनी त्याच्यावर माझ्या बर्फाच्या गोण्या ओतल्या. बर्फाची वाफ झाली. अकरा दिवस जगला तो, आणि मी ते अकराही दिवस दवाखान्यात बर्फ पाठवला, फुकट, जसं काही त्याने काही भरून निघणार होतं.

फौजदार आला तेव्हा मी त्याला कॉफी दिली, वेलदोडा घालून. म्हटलं, "नसरी माझ्याजवळ होता, छतावर काचा गोळा करत होता. त्याचे हात बघा." तुझे हात कापलेलेच होते. तानूसने सांगितलं, हलीमच्या इंजिनाला आधीपासून गळती होती आणि पळता पळता तो स्वतःच पडला. तुझा डिझेलने भिजलेला शर्ट मी तंदुरात घातला. हलीमने रुग्णालयातून तुझं नाव घेतलं, पण जनरेटरवाल्यावर विश्वास ठेवायला कोण बसलंय? प्रत्येकाच्या पोटात त्याच्या बिलाचा राग. धक्क्यावरच्या एकानेही काही पाहिलं नाही, आणि धक्का त्या सकाळी भरलेला होता. तू नवी नवरी घेऊन अबिजानला मामेभावाकडे गेलास. हलीमला खाटेवरून उचलून कोठडीत नेलं. आरोप असे, की धमकी दिली, पॅनल फोडली, वस्तीत बेकायदा टाकी ठेवली, सख्ख्या भावाला मारलं. चार महिने झाले. आईशप्पथ सांगते, मला झोप लागत होती. वाटायचं, सुरुवात त्याने केली.

जकीची बायको ओदेत दर सोमवारी येते. शिवणकाम करते, आणि माझ्याच तारेवर एक दिवा घेतलाय. नोटा टेबलावर ठेवते, पावती घेते, जाते. कधी वर बघत नाही. गेल्या महिन्यात मात्र दारातून वळली आणि विचारलं, "नसरीच्या आई, भाव पुन्हा वाढलाय का?" मी म्हटलं, "डिझेल वाढलं, बाई." ती म्हणाली, "हो, आमचे दीर पण असंच म्हणायचे." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. फुटलेली पॅनल मी चार महिने जागच्या जागी ठेवली होती, कोर्टाच्या कामी लागतील म्हणून; नुसत्या त्यांच्या तारा वगळून बाकीच्या ओळी जोडून घेतल्या होत्या. मागच्या मंगळवारी शहरातून कारागीर बोलावला, इल्यास नावाचा, बडबड्या, पण हाताला चांगला. छतावर त्याने पहिलं पॅनल उचललं आणि हसायलाच लागला. "मावशी, लग्न कुणाचं होतं?" मी म्हटलं, "काय बरळतोस?" त्याने मला वाकायला लावलं. पॅनलखाली थंड खोलीसाठी आपण थर्माकोलचा जाड थर घातलाय ना, त्यात भोक. त्याने स्क्रूड्रायव्हरने उकरलं आणि एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "रस्त्यावरून कुणी मारली असती तर कठड्याला लागली असती. खालून हे छत दिसतं तरी का? ही वरून पडलीय, मावशी. परीक्षेच्या निकालाच्या आठवड्यात मी अशी वीस-वीस पॅनल बदलतो." मी कठड्याशी जाऊन खाली बघितलं. हलीमची जागा तिथून दिसते, पण त्याच्या जागेवरून छताची नुसती कड. चार महिने मी त्या छतावर रोज चढत होते, नसरी. फौजदार चढला, वकील चढला. एकालाही हे सुचलं नाही, कारण हलीमचं नाव आधीच ठरलं होतं.

अकरा पॅनलांखालून अकरा गोळ्या निघाल्या. बुडाशी जळून पोकळ झालेल्या. टोकांना हिरवा रंग, काहींचा खरवडलेला, पण हिरवाच. इल्यासला मी चौपट मजुरी देऊन वाटेला लावलं, आणि गोळ्या रुमालात बांधल्या. मग कोर्टात हलीम काय म्हणाला होता ते आठवलं. "त्या संध्याकाळी मी आणि जकी इंजिनापाशीच होतो. मुकुटाच्या वेळी दिवे गेले तर वहिनीला अपशकुन वाटेल, म्हणून दोन तास जास्त चालवलं." तेव्हा कोर्टात लोक हसले होते. मीही रुमाल तोंडावर धरून हसले. त्याचा साक्षीदार एकच, आणि तो मातीत. काल मी पाद्रीबाबांकडे गेले. विचारलं, त्या दिवशी चर्चची वीज कुणाची होती? ते म्हणाले, "हलीमची. पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, वहीब माझा मित्र, त्याच्या मुलाचं लग्न आहे, राहू द्या." मी विचारलं, हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलं? म्हातारा म्हणाला, "मला कुणी बोलावलं नाही, मुंतहा."

तर नसरी, हे पत्र खुशाली कळवायला लिहिलेलं नाही. गुरुवारी मी कोर्टात जाणार आहे. त्या अकरा गोळ्या गव्हाच्या दलियाच्या डब्यात लपवल्यात, तानूसला पत्ता नाही. त्या न्यायाधीशापुढे ठेवीन आणि सांगेन की त्या आमच्या गच्चीवरून गेल्या, शेवटच्या मी मागून मागून झाडायला लावल्या, आणि माझा मुलगा त्या सकाळी माझ्याजवळ नव्हता. खोटी साक्ष दिली म्हणून मला आत टाकतील, टाकू देत. कारखान्याची किल्ली मी ओदेतला देऊन जाणार, कुणाला किती वीज आणि काय भावाने द्यायची ते तिने ठरवावं. तुला दगा देतेय असं वाटेल. रात्रंदिवस तेच वाटतं मलाही. नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलाचं नाव मला त्या तोंडाने घ्यायचंय, ज्या तोंडाने मी त्याच्या लग्नात किंचाळले. पण मी आधी सांगावं की तू स्वतः येऊन सांगावंस, एवढं अजून तुझ्या हातात आहे, आणि त्यासाठीच तुला हे चार दिवस देतेय. बुधवारी अबिजानहून विमान असतं, मी चौकशी केलीय. तुझा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय. कोर्ट नऊला उघडतं, मी साडेआठपासून पायरीवर असेन. आलास तर तुझा हात धरून आत जाईन. नाही आलास तर डबा दोन्ही हातांनी धरून जाईन.

कोर्टाच्या पायरीवरही तुझीच,
आई